कोरडें अंगघर्षण : शब्द, साधनें आणि पेण-रोह्याकडील परिपाठ

(१) प्रयोजन

स्नानापूर्वीं कोरड्या अंगावर राठ केसांचा कुंचा पायांपासून छातीच्या दिशेनें फिरवावा, म्हणजे त्वचा निर्मळ होते, रक्त खेळतें व मेद झडतो, असा एक उपचार हल्लीं शहरोशहरीं रूढ होत आहे. त्यासाठीं लांब दांड्याचे ब्रश व कच्च्या रेशमाचे हातमोजे बाजारांत मिळतात. त्यांजबरोबर जीं माहितीपत्रकें येतात त्यांपैकीं पुष्कळांत हा उपचार 'प्राचीन भारतीय' असल्याचें व त्याचें नांव 'गर्षण' असल्याचें सांगितलेलें असतें. मूळ शब्द घर्षण. तो रोमन लिपींत उतरतांना त्यांतील महाप्राण गळाला, आणि ज्या भाषेंतून तो गेला तिजकडे तो असा व्यंग होऊन परत आला. शब्दाची ही गत झालेली पाहून, त्या शब्दाबरोबर सांगितला जाणारा इतिहास तरी कितपत शाबूत आहे, हें तपासण्याची इच्छा आम्हांस झाली.

अंग कसें घासावें हा विषय वैद्यांचा. त्यांत इतिहाससंशोधकांस काय कर्तव्य, असें कोणी विचारील. उत्तर असें कीं, 'प्राचीन' हा शब्द उच्चारला गेला कीं तो दावा आपल्या दप्तरीं दाखल होतो. सनद पुढें आली असतां आपण शिक्का, शक, हस्ताक्षर व कागद पाहतों. तीच कसोटी रीतीभातींच्या दाव्यांसहि लावली पाहिजे. शिवाय या विषयाचा खरा पुरावा जेथें सांपडण्याचा संभव आहे तो भाग, म्हणजे घरगुती बाडांतील औषधांचीं व उटण्यांचीं टिपणें, आपण संग्राहकच आजवर किरकोळ म्हणून टाकीत आलों आहों. हें दुसरें कारण पहिल्याहून आम्हांस अधिक महत्त्वाचें वाटतें.

(२) संस्कृत ग्रंथांतील विवेक

प्रथम ग्रंथ पाहूं. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानांतील चोविसाव्या अध्यायांत, रोग येण्यापूर्वींच तो टाळावा कसा या प्रकरणांत, दिनचर्येचा क्रम दिला आहे. त्यांत अभ्यंग, व्यायाम यांच्या पुढें व स्नानाच्या आधीं उद्वर्तन येतें. उद्वर्तनानें वात शमतो, कफ व मेद विरघळतात, अंगें स्थिर होतात आणि त्वचा प्रसन्न होते, असें त्याचें फल सांगितलें आहे. त्यानंतर ग्रंथकार एकाच क्रियेचे पोटभेद करितो : उद्घर्षण व उत्सादन. या दोहोंनीं शिरांचीं तोंडें मोकळीं होतात व त्वचेंतील अग्नि तेज धरतो असें तो म्हणतो.

या दोन शब्दांतील भेद डल्हणाच्या टीकेंत स्पष्ट केलेला आहे. स्नेहरहित औषधी चूर्णादिकांनीं घासणें तें उद्घर्षण. स्नेहयुक्त कल्कानें घासणें तें उत्सादन. म्हणजे एक कोरडें, दुसरें तेलकट. आचार्य यादवजी त्रिकमजी यांनीं संपादिलेली, निर्णयसागर छापखान्यांत छापलेली सटीक सुश्रुतसंहिता पुष्कळांच्या संग्रहीं असेल; त्यांनीं हें स्थळ अवश्य पडताळून पहावें. प्रस्तुत लेखाचा सर्व भार या एका भेदावर आहे.

त्याच स्थळीं घासण्याचीं दोन साधनेंहि नांवानिशीं येतात. एक इष्टिका, म्हणजे वीट. तिनें घासलें असतां कंडू व कोठ, म्हणजे खाज व अंगावर उठणाऱ्या गांधी, जातात असें म्हटलें आहे. दुसरें फेनक, तें मांड्यांस स्थैर्य व लाघव देतें असें सांगितलें आहे. फेनक म्हणजे काय याविषयीं एकमत नाहीं. कोणी रिठ्यासारखें फेस देणारें द्रव्य घेतात, कोणी घासावयाचें खरखरीत साधन मानितात. आमचा कल दुसऱ्या पक्षाकडे आहे. कारण, जें द्रव्य केवळ मळ काढण्यासाठीं आहे त्याचा गुण मांड्यांपुरता सांगण्याचें प्रयोजन दिसत नाहीं, आणि विटेच्या शेजारीं त्याची बसलेली पंगतहि तेंच सुचविते. आपल्या किनाऱ्यावर वाहून येणारा व गांध्याच्या दुकानीं मिळणारा समुद्रफेस हातीं घेऊन पाहिला तर फेन हें नांव खरखरीत वस्तूसहि कसें शोभतें तें कळेल. तथापि हा तर्क आहे, सिद्धांत नव्हे.

फेनक हा शब्द वैद्यकाबाहेरहि आढळतो. वात्स्यायनाच्या कामसूत्रांत नागरकाची दिनचर्या सांगतांना स्नान नित्य, उत्सादन दिवसाआड आणि फेनक तिसऱ्या दिवशीं, असा क्रम बांधून दिला आहे. यावरून हा परिपाठ केवळ रोग्यांचा नसून सुखवस्तु नगरवासीयांच्या नित्यक्रमांतील होता हें निर्विवाद ठरतें.

बौद्ध विनयपिटकांतील चुल्लवग्गाच्या पांचव्या प्रकरणांत याच विषयाची दुसरी बाजू दिसते. कांहीं भिक्षु स्नानाच्या वेळीं झाडास, खांबास, भिंतीस अंग घासूं लागले, तेव्हां लोक त्यांस मल्ल व चैनी गृहस्थ यांची उपमा देऊन नांवें ठेवूं लागले. म्हणून तसें करण्यास बंदी झाली. पुढें लांकडी हातानें घासणें, कुरुविंदक नांवाच्या खरखरीत साधनानें घासणें यांसहि निषेध झाला. मात्र आजारी व अशक्त यांस कांहीं सवलती मिळाल्या. निषेधांची यादी ही इतिहासकारास फार उपयोगी. कारण जें कोणी करीतच नाहीं त्याचा निषेध कोणी करीत नाहीं. परंतु हें सर्व घर्षण पाण्यांतील, स्नान चालू असतांचें आहे. कोरड्या घर्षणाच्या पुराव्यांत तें ओढतां येणार नाहीं.

वाग्भटाच्या अष्टांगहृदयांतहि सूत्रस्थानाच्या दुसऱ्या अध्यायांत उद्वर्तन हें व्यायामानंतर व स्नानापूर्वीं येतें, आणि कफहरण, मेदाचें विलयन, अंगांचें स्थैर्य व त्वचेची प्रसन्नता हींच फलें तेथें आहेत. या ग्रंथाचा महाराष्ट्राशीं विशेष संबंध आहे. देवगिरीच्या यादवांचा श्रीकरणाधिप हेमाद्रि यानें त्याजवर आयुर्वेदरसायन नांवाची टीका लिहिली. म्हणजे तेराव्या शतकांत हा आचार आपल्या प्रांतीं केवळ ऐकीव नव्हता, तर ग्रंथद्वारा अभ्यासिला जात होता.

इतक्या पुराव्यावरून पहिला निष्कर्ष असा निघतो : स्नानापूर्वीं कोरड्या अंगावर घर्षण करावें ही कल्पना आपल्याकडे खरोखर जुनी आहे. पण तिचें साधन चूर्ण, हात, वीट व फेनक हें आहे. ज्या स्थळीं सुश्रुतानें साधनें मोजलीं त्या स्थळीं केसांचा कुंचा नाहीं आणि रेशमी हातमोजाहि नाहीं.

(३) मराठींतील शब्द

आतां संस्कृतांतून मराठींत येऊं. उद्वर्तन याचें प्राकृतांत उव्वट्टण झालें, त्यापासून हिंदींत उबटन आणि मराठींत उटणें. शब्दाचा वंश निर्दोष आहे. अर्थाचा मात्र नाहीं. संस्कृतांत उद्वर्तन हा सामान्य शब्द असून कोरडें व तेलकट हे त्याचे दोन भेद. मराठींत उटणें म्हणजे तेल लावलेल्या अंगास, पाण्यांत, दुधांत किंवा तेलांत कालवून लावण्याचें सुगंधी चूर्ण. अर्थात् सामान्य शब्द एकाच भेदाकडे गेला, तो तेलकट भेदाकडे. आणि कोरडा भेद मराठींत निनांवी राहिला. नांव गेलें म्हणजे वस्तु गेली असें मात्र नव्हे, हें पुढें दिसेल.

जुन्या मराठी ग्रंथांत स्नानविषयक शब्द विपुल आहेत. महानुभावांच्या लीळाचरित्रांत मर्दना व मादणें हे शब्द वारंवार येतात. त्यांतील पहिला अंग चोळण्याचा व दुसरा न्हाण्याचा. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लासांत, म्हणजे शके १०५१ च्या सुमाराच्या ग्रंथांत, राजाच्या उपभोगांमध्यें स्नानभोगास स्वतंत्र स्थान असून तेल, मर्दन व उद्वर्तन यांचा क्रम तेथें आहे. परंतु हा सर्व थाट सुगंधी तेलाचा. त्यांतील उद्वर्तनाचें काम मुख्यतः अंगावरील तेल काढण्याचें.

सुगंधी द्रव्यांच्या मराठी वाङ्मयाचा सर्वांत मोलाचा पुरावा भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्युरेटर कै. परशुराम कृष्ण गोडे यांनीं पुढें आणिला. गंगाधराचा गंधसार व त्याबरोबरचा गंधवाद या ग्रंथांच्या दुर्मिळ हस्तलिखिताची त्यांनीं चिकित्सा केली. त्यांतील गंधवादावर मराठी टीका आहे. १९४५ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत त्यांनीं तिचा काळ सुमारें इ. स. १३५० ते १५५० या दरम्यान ठरविला. पुढें १९८९ सालीं हे ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत छापून निघाले. अत्तरें, धूप, सुगंधी तेलें यांच्या कृती मराठींत समजावून देणारा कोणी जाणता त्या काळीं होता, ही गोष्ट केवढी ! आणि ती आपणांस कळली ती कशामुळें ? तर राजकीय महत्त्वाचा एक शब्दहि नसलेलें एक बाड कोणीतरी टाकून न देतां ठेविलें यामुळें.

(४) पेण व रोहा

पेण व रोहा हे पूर्वींच्या कुलाबा जिल्ह्यांतील, आणि १९८१ मध्यें जिल्ह्याचें नांव पालटल्यापासून रायगड जिल्ह्यांतील तालुके. पेण भोगावतीच्या काठीं असून धरमतरच्या खाडीशीं लगटलेलें. रोहा कुंडलिकेच्या काठीं, जी पुढें रेवदंड्याच्या खाडीस मिळते. खाजणें, मिठागरें, भातखाचरें आणि मागें सह्याद्रीचे फाटे अशी या मुलखाची ठेवण. हवा दमट, पाऊस धो धो. अशा हवेंत अंगास कोरडेपणा क्वचितच राहतो. म्हणून घर्षणाचा जो परिपाठ इकडील घरांतून दिसतो तो हवेशीं जुळता आहे.

हा परिपाठ तीन ठिकाणीं पहावा लागतो : दिवाळींत, न्हाणीघरांत आणि आजाऱ्याच्या खोलींत.

दिवाळींतील प्रकार सर्वांस ठाऊक आहे. नरकचतुर्दशीस चंद्रोदयाच्या वेळीं तैलाभ्यंग करावें आणि आघाड्याची फांदी अंगाभोंवतीं फिरवावी, हा विधि निर्णयसिंधु व धर्मसिंधु या निबंधग्रंथांत आहे. त्यास कोंकणांत पायाखालीं कारीट चिरडण्याची जोड मिळाली आहे. उटण्याची पूड नागरमोथा, कपूरकाचरी, गव्हलाकचोरा, वाळा, आंबेहळद, चंदन इत्यादिकांची. कोणी तींत मसुरीचें वा तांदुळाचें पीठ घालितात. पण ती तेलावर चोळावयाची. म्हणजे सुश्रुताच्या भाषेंत हें उत्सादनाच्या जवळचें, उद्घर्षण नव्हे. यास्तव दिवाळींतील उटण्यावरून कोरड्या घर्षणाची प्राचीनता सिद्ध करूं पाहणें हा भिन्न सनदेचा शिक्का भिन्न कागदावर चिकटविण्यासारखा प्रकार होईल.

न्हाणीघरांतील साधनें पाहिलीं तर तेथें वजरी असते, टांचा घासण्यासाठीं खापरी असते, आणि मांडवावर जून होऊन वाळलेल्या घोसाळ्याची आंतील जाळी असते. खापरी व मातीची वजरी या सुश्रुताच्या इष्टिकेच्या थेट लेकी होत. भाजलेली माती ती भाजलेली मातीच. मात्र इष्टिका अंगास फिरत होती, वजरी टांचांपुरती उरली. घोसाळ्याची जाळी सर्वांगास चालते, पण ती भिजवून. कोरडी ती अंग ओरखडते. येथें जातां जातां एक सूचना. रोहे तालुक्यांत घोसाळें नांवाचें गांव व त्यावर घोसाळगड आहे. नामसादृश्यावरून वेलीचा व गडाचा संबंध जोडण्याचा मोह आमच्या वर्गास लवकर होतो. पुराव्यावांचून तो जोडूं नये.

तिसरें ठिकाण आजाऱ्याच्या खोलीचें, आणि निनांवी झालेलें उद्घर्षण सांपडतें तें येथेंच. न्हाऊमाखूं घातल्यावर तान्ह्या मुलाच्या अंगास व बाळंतिणीस वेखंडाची कोरडी पूड चोळण्याची चाल महाराष्ट्रांत घरोघर होती, अद्यापि कित्येक घरांत आहे. हातपाय गार पडले असतां सुंठीची पूड तळहातांस व तळपायांस चोळणें, घाम फार सुटत असल्यास कुळथाचें भाजलेलें पीठ अंगास लावणें, हे उपाय घरांतील वडील बायकांस पाठ असतात. यांत तेल नाहीं, पाणी नाहीं. केवळ चूर्ण आणि हात. डल्हणानें केलेली व्याख्या जशीच्या तशी येथें लागू पडते. भात निघाल्यावर त्याच शेतांत वाल व कुळीथ करणाऱ्या या मुलखांत कुळथाचें पीठ औषध म्हणून हाताशीं असणें स्वाभाविकच होतें. आजच्या आयुर्वेदीय चिकित्सालयांतूनहि उद्वर्तनासाठीं कुळीथ असलेलें कोलकुलत्थादि चूर्ण वापरतात, आणि तें खालून वर, म्हणजे लोमांच्या उलट दिशेनें, चोळतात. पायांपासून छातीकडे कुंचा फिरविण्याच्या नव्या रीतीशीं ही दिशा जुळते खरी. परंतु दिशा जुळली म्हणून वंश एक असें होत नाहीं.

(५) कुंचा कोठून आला

मग कुंच्याचें काय ? मराठींत कोरड्या अंगावर राठ साधन फिरविण्याच्या क्रियेस एक उत्तम शब्द आहे, पण तो माणसाचा नव्हे. तो शब्द खरारा. घोड्यास रोज खरारा करावा, त्यानें त्याचें अंग मोकळें होतें, केस चकाकतात व जनावर हुशार राहतें, हें पागेंतील पोरासहि ठाऊक असे. माणसाच्या अंगास चूर्ण व हात, घोड्याच्या अंगास खरारा, अशी आपल्याकडे वांटणी झालेली होती.

आश्चर्य असें कीं, माणसास कुंचा लावण्याची शिफारस युरोपांत झाली ती नेमकी घोड्याचा दाखला देऊनच. बाथ येथें वैद्यकी करणारा जॉर्ज चेनी यानें १७२४ सालीं आरोग्य व दीर्घायुष्य या विषयावर इंग्रजींत ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत तो, खराऱ्यानें घोडे कसे तुकतुकीत व चपळ होतात हें सर्वांस ठाऊक आहे, असें सांगून माणसांनींहि अंगास कुंचा लावावा असें प्रतिपादितो. कोरड्या ब्रशाच्या आधुनिक उपचाराची वंशावळ लावावयाची तर तिचा एक स्पष्ट पूर्वज हा आहे. पुढें एकोणिसाव्या शतकांत जर्मनींतील जलोपचारवाद्यांनीं घर्षणास आपल्या पद्धतींत स्थान दिलें. डेन्मार्कचा व्यायामशिक्षक म्यूलर यानें १९०४ सालच्या आपल्या पुस्तकांत स्नानोत्तर सर्वांग तळहातांनीं घासण्याचे व्यायाम घातले. कूने, युस्ट प्रभृति जर्मन निसर्गोपचारकांचीं मतें महात्मा गांधींच्या प्रयोगांमुळें हिंदुस्थानांत सर्वतोमुखीं झालीं, आणि १९४६ सालीं पुण्याजवळ उरुळीकांचन येथें निसर्गोपचाराचा आश्रम निघाला. घर्षणाची नवी विद्या आपल्याकडे आली ती या वाटेनें. सुश्रुताच्या पोथींतून नव्हे.

रेशमी हातमोज्याचा मार्ग आणखी निराळा असावा. तुर्कस्थानच्या हमामांत अंग घासण्यासाठीं बकऱ्याच्या केसांची किंवा कच्च्या रेशमाची जी पिशवी हातांत घालितात तिला केसे म्हणतात. मूळ अरबी शब्द कीस, अर्थ पिशवी. आपला खिसा हा त्याच कुळांतला. दौलताबाद व बऱ्हाणपूर येथील हमाम आजहि उभे आहेत, तेव्हां हमामाची रीत दक्षिणेंत आली होती यांत शंका नाहीं. परंतु हमामांतील घर्षण वाफेनें भिजलेल्या अंगाचें. कोरड्या अंगास रेशमी हातमोजा लावावा असें सांगणारें जुनें मराठी टिपण कोणापाशीं असल्यास तें प्रसिद्ध करावें. आमचें मत बदलण्यास आम्हांस संकोच वाटणार नाहीं.

(६) फलित

येणेंप्रमाणें पाहतां सध्यांच्या दाव्याचे तीन भाग वेगळे करावे लागतात. स्नानापूर्वीं कोरडें घर्षण करावें ही कल्पना भारतीय ग्रंथांत आहे. हा भाग खरा. त्यासाठीं केसांचा कुंचा वापरावा ही योजना युरोपीय, आणि तिचें मूळ घोड्याच्या तबेल्याशीं. हा भाग आजच्या माहितीपत्रकांतून सोयीनें गाळला जातो. रेशमी हातमोज्याची योजना हमामाच्या साधनाशीं मिळतीजुळती, पण मधला दुवा अप्राप्त. हा भाग संशयित. तिन्ही एकत्र करून त्यावर 'प्राचीन' असा एकच शिक्का मारणें म्हणजे मूळ कागद, मागाहून जोडलेली पुरवणी आणि तिसऱ्याचा शेरा हे एका शकाचे मानण्यासारखें आहे.

गुणाविषयीं दोन शब्द पुरेत. घर्षणानें त्वचेवरील मृत पापुद्रे निघतात व कांहीं वेळ तेथील रक्तप्रवाह वाढतो, हें आधुनिक वैद्यकास मान्य आहे. चरबी वितळते, शरीरांतील विष निघून जातें, या गोष्टींस भक्कम आधार मिळालेला नाहीं. मेदाचें विलयन असें सुश्रुत-वाग्भटांनीं लिहिलें आहे हें सांगून तो आधार पुरा होत नाहीं. ग्रंथांत लिहिलें आहे हा लिहिल्याचा पुरावा, घडल्याचा नव्हे. चिरा पडलेल्या, खरूज-इसबानें सुजलेल्या किंवा वार्धक्यानें विरलेल्या त्वचेस राठ कुंचा लावूं नये, हें तर घरांतील आजीहि सांगेल.

(७) संग्राहकांस विज्ञापना

आतां ज्या कारणासाठीं हा लेख लिहिला तें सांगतों. वर वेखंड, सुंठ, कुळीथ यांविषयीं जें लिहिलें तें चालू आचारावरून. हा आचार शंभर किंवा दोनशें वर्षांपूर्वीं याच रूपांत होता काय, कोणत्या द्रव्यांनीं, किती मानानें, कोणत्या दुखण्यावर, याचें उत्तर कोणत्याहि संहितेंत मिळणार नाहीं. तें मिळेल वैद्यांच्या व गृहस्थांच्या बाडांत. देवपूजेचीं स्तोत्रें, मुलांच्या जन्मवेळा, उसनवारीचे आंकडे यांच्या मधोमध अशा कृती लिहून ठेवण्याची आपली जुनी रीत. आपण बाड उघडतों, सनद वा पत्र सांपडल्यास उचलतों, आणि बाकीचें जागच्या जागीं ठेवतों. पेण-रोह्याच्या हवेंत जागच्या जागीं ठेवणें म्हणजे वाळवीच्या व बुरशीच्या स्वाधीन करणें. १९८९ च्या जुलैंत अंबा नदीला आलेल्या महापुरानें नागोठण्यास तडाखा दिला; २००५ च्या जुलैंत सर्व जिल्हा पाण्यांत होता. अशा वेळीं लोक जीव वांचवितात. बाडें वांचविण्याचें काम आधींच झालेलें असावें लागतें.

म्हणून आमची सूचना अशी. बाडांत उटणें, उद्वर्तन, मर्दन, घर्षण, लेप, धुरी, वेखंड, नागरमोथा असा एखादा शब्द दिसतांच तें पान वेगळें करूं नये. बाड अखंड ठेवून पृष्ठांक टिपावा, कारण पानाचा काळ बहुधा शेजारच्या हिशेबावरूनच ठरतो. चूर्ण कोरडें लावावें, कीं तेलांत, कीं दुधांत, हें दर्शविणारा शब्द असल्यास तो मुद्दाम उतरून घ्यावा; उद्घर्षण आणि उत्सादन यांचा निवाडा त्या एका शब्दावर होतो. मोडींत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो आणि औषधांचीं नांवें संदर्भावांचून येतात. यास्तव वाचन संशयित असल्यास आपल्या मनचें शुद्ध रूप न घालतां मुळांतील अक्षरवटीच द्यावी. गुंजा, मासे, तोळे यांचीं प्रमाणें जशीच्या तशी लिहावींत. आठ गुंजांचा मासा व बारा माशांचा तोळा हें मान सर्वत्र धरून चालूं नये. बाडांत निराळें मान असल्यास तोच एक स्वतंत्र पुरावा होय.

आणखी एक गोष्ट. या विद्येच्या खऱ्या धारक घरांतील वृद्ध स्त्रिया. त्यांनीं लिहून ठेविलें नाहीं. पण कोणती पूड कोणत्या वेळीं, कोरडी कीं ओली, अंगास कीं तळपायांस, हें त्या अचूक सांगतात. त्यांचें कथन तारीख, गांव व द्रव्याचें स्थानिक नांव यांसह टिपून ठेवावें. बाड पुरांतून कदाचित् वांचेल. ही माहिती सांगणारें माणूस गेल्यावर ती कशानेंहि परत येणार नाहीं.

विपणींतून परत आलेला 'गर्षण' हा शब्द आम्हीं प्रथम वाचला तेव्हां हंसू आलें होतें. विचारांतीं त्यांत हंसण्यासारखें फारसें नाहीं असें दिसलें. आपल्या घरांत वेखंड चोळणारा हात होता. त्या क्रियेचें नांव आपण विसरलों, नोंद ठेविली नाहीं, आणि म्हणून दुसऱ्यानें दिलेलें मोडकें नांव व जोडलेला इतिहास निमूटपणें स्वीकारण्याची पाळी आली. हा दोष विक्रेत्याचा जेवढा, तेवढाच जतन न करणाऱ्यांचा. तो भरून काढण्याचें साधन अद्यापि कांहीं घरांच्या माळ्यांवर आहे. येत्या पावसाळ्यापूर्वीं पेण-रोह्याकडील एकदोन माळे जरी पाहिले गेले तरी या लेखाचा हेतु सफल झाला असें आम्ही मानूं.